दोन पंचांगांचे घर: पाडव्याविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालातील बहुतेक पत्रे एकाच दिवसाविषयी आहेत. गेल्या वर्षी गुढीपाडवा ३० मार्चला, म्हणजे मार्चच्या अगदी अखेरीस आला होता; यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, तो १९ मार्चला आहे. माळव्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना या दिवसाच्या मागेपुढे दरवर्षी काही ना काही शंका पडतात, कारण आपल्या घरात मराठी दिनदर्शिका असते आणि शेजारी, देवळात, पूजेला येणाऱ्या गुरुजींच्या हातात वेगळ्या पद्धतीचे पंचांग असते. आलेल्या पत्रांपैकी एक तातडीचे असल्याने त्याचे उत्तर प्रथम आणि सविस्तर दिले आहे.

प्रश्न: माझे सासरे २२ मार्च २०२५ रोजी दुपारी निवर्तले. पुढचे सर्व विधी येथील एका पंडितजींनी केले आणि त्यांनी आमच्या वहीत ‘चैत्र कृष्ण अष्टमी’ अशी तिथी लिहून दिली. आमच्या मराठी दिनदर्शिकेत चैत्र वद्य अष्टमी एप्रिलमध्ये दिसते, म्हणून वर्षश्राद्ध त्या दिवशी करावे असे आम्ही ठरवत आहोत. पुण्याच्या वन्सं मात्र म्हणतात की बाबांची तिथी फाल्गुनातली आहे. नेमके काय समजावे?
— एक वाचक भगिनी, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर: आपल्या वन्संचे म्हणणे बरोबर आहे आणि पंडितजींनी लिहिलेली तिथीही बरोबर आहे. घोटाळा झाला आहे तो पंडितजींच्या पद्धतीने लिहिलेली तिथी मराठी दिनदर्शिकेत शोधल्यामुळे. वर्षश्राद्ध कृपया एप्रिलमध्ये धरू नये. आपल्या दिनदर्शिकेतील फाल्गुन वद्य अष्टमी हीच ती तिथी असून ती यंदा बुधवारी, ११ मार्च रोजी आहे. हा अंक हाती पडेल तेव्हा फार दिवस उरलेले नसतील, म्हणून तयारी लगेच सुरू करावी.

आता कारण. चांद्र महिना कोठे संपवायचा याच्या दोन पद्धती आपल्या देशात पूर्वापार चालत आल्या आहेत. महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक, आंध्र या प्रदेशांत महिना अमावास्येला संपतो, म्हणून त्याला अमान्त म्हणतात. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान आणि आपला मध्य प्रदेश येथे तो पौर्णिमेला संपतो, त्याला पूर्णिमान्त म्हणतात. शुक्ल पक्षाचे नाव दोन्हीकडे एकच असते. फरक पडतो तो केवळ कृष्ण पक्षाच्या नावात. होळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून आपल्याकडे फाल्गुनाचा वद्य पक्ष सुरू होतो, तर शेजाऱ्यांच्या पंचांगात फाल्गुन संपून चैत्र लागलेला असतो. आकाशातला चंद्र एकच, तिथी एकच, दिवसही एकच. फक्त महिन्याचे नाव एकाने पुढे गेलेले असते. आपल्या सासऱ्यांची तिथी पंडितजींनी त्यांच्या पद्धतीने ‘चैत्र कृष्ण’ लिहिली, ती आपल्या पद्धतीने ‘फाल्गुन वद्य’ झाली. तीच तिथी आपण ‘चैत्र वद्य’ समजून शोधली असती तर श्राद्ध बरोबर एक चांद्रमास उशिरा झाले असते, आणि वहीतली नोंद तशीच राहिल्यास पुढची सर्व वर्षे तसेच होत राहिले असते.

असे घडलेली घरे इंदुरात थोडी नाहीत, आणि त्याचे मनापासून वाईट वाटते, कारण त्यात कोणाच्याही श्रद्धेची किंवा काळजीची उणीव नसते. म्हणून ज्यांच्याकडे जुन्या वह्या आहेत त्यांनी एकदा बसून त्या तपासाव्यात. तिथी शुक्ल पक्षातली असेल तर काहीच प्रश्न नाही. ती कृष्ण किंवा वद्य पक्षातली असेल तर मात्र त्या दिवसाची इंग्रजी तारीख शोधावी. मृत्यूचा दाखला, रुग्णालयाचा कागद, वर्तमानपत्रातील निधनवार्तेचे कात्रण, यांपैकी काहीतरी बहुधा सापडतेच. त्या वर्षीचे मराठी पंचांग काढून त्या तारखेला कोणता मास दिला आहे ते पाहावे आणि तोच वहीत लिहावा. तिथी सूर्योदयाची नव्हे, तर प्रत्यक्ष मृत्यूच्या वेळी चालू असलेली धरतात, म्हणून वेळ आठवत असेल तर तीही नोंदवावी. यापुढे कोणतीही नोंद करताना इंग्रजी तारीख, साधारण वेळ, तिथी, आणि महिना अमान्त की पूर्णिमान्त, एवढे चारही तपशील लिहिले तर नातवंडांना असे पत्र लिहावे लागणार नाही.

हा फरक सणांच्या बाबतीत आपल्याला जाणवत नाही, कारण सण दोन्हीकडे त्याच दिवशी येतात. आपली रंगपंचमी फाल्गुन वद्य पंचमीला असते. ज्या गेरी, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुका, राजवाड्याकडे निघतात त्यांतील बहुसंख्य लोकांच्या पंचांगात तो दिवस चैत्र कृष्ण पंचमीचा असतो, आणि रंग सगळे मिळून ८ मार्चलाच खेळतील. महाशिवरात्र आपल्याला माघातली वाटते, शेजाऱ्यांना फाल्गुनातली. गोकुळाष्टमी आपल्याला श्रावणातली, त्यांना भाद्रपदातली. लक्ष्मीपूजनाची अमावास्या आपल्याला आश्विनाची, त्यांना कार्तिकाची. याउलट चैत्र शुक्ल तृतीयेला आपल्या घरी चैत्रगौर बसते आणि त्याच दिवशी माळवी, निमाडी, राजस्थानी घरांत गणगौर पूजली जाते, तेव्हा दोन्हीकडे चैत्र शुक्ल तृतीयाच म्हणतात, कारण पक्ष शुक्ल आहे.

खरा फरक दिसतो तो संपूर्ण महिना पाळायच्या व्रतात. शेजाऱ्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या आधी पंधरा दिवस सुरू होतो आणि पंधरा दिवस आधी संपतो. उज्जैनला महाकाळाची सवारी श्रावणाच्या सोमवारांबरोबरच भाद्रपदाच्या कृष्ण पक्षातील सोमवारीही निघते, म्हणजे तिकडचा सावन आणि आपला श्रावण असे दोन्ही तिच्यात सामावतात. ही प्रथा शिंदेशाहीतील मराठी वहिवाटीतून आली असे तेथे सांगितले जाते. दोन पंचांगांनी एकमेकांना जागा करून दिल्याचे याहून सुंदर उदाहरण माळव्यात सापडणे कठीण आहे.

प्रश्न: यंदा १९ मार्चला सूर्योदयाच्या वेळी अमावास्या आहे असे पंचांगात दिसते. ज्या दिवशी सूर्य अमावास्येत उगवतो त्या दिवशी गुढी कशी उभारायची? पाडवा २० मार्चला का नाही?
— एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर: आपण पंचांग बारकाईने पाहिले आहे. सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची, हा सर्वसाधारण नियम आहे, आणि पाडव्याला प्रतिपदा सूर्योदयाला असावी हेही खरे. परंतु यंदा प्रतिपदेला कोणताच सूर्योदय मिळत नाही. १९ तारखेला इंदुरात सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवेल, अमावास्या ६ वाजून ५२ मिनिटांच्या सुमारास संपेल, आणि तेव्हा सुरू झालेली प्रतिपदा २० तारखेच्या पहाटे पाचच्या आधीच संपून जाईल. २० तारखेचा सूर्य उगवेल तेव्हा द्वितीया लागलेली असेल. अशा तिथीला क्षयतिथी म्हणतात.

तिथी म्हणजे चोवीस तासांचा दिवस नव्हे. सूर्य आणि चंद्र यांच्यातील अंतर बारा अंशांनी वाढायला जितका वेळ लागतो तितकी एक तिथी. चंद्राचा वेग नेहमी सारखा नसतो. तो पृथ्वीच्या जवळ असतो तेव्हा वेगाने जातो आणि तिथी लहान होते, दूर असतो तेव्हा सावकाश जातो आणि तिथी लांबते. म्हणून एखादी तिथी वीस तासांची, तर एखादी सव्वीस तासांहून मोठी असू शकते. या वेळी पाडव्यानंतर दोन-तीन दिवसांतच चंद्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ येत आहे, त्यामुळे प्रतिपदा सुमारे बावीस तासांचीच आहे, आणि नेमकी ती दोन सूर्योदयांच्या मधे बसली आहे.

प्रतिपदा दोन्ही दिवशी सूर्योदयाला असेल किंवा दोन्ही दिवशी नसेल, तर वर्षारंभासाठी पहिला दिवस घ्यावा, असा निर्णय धर्मशास्त्रात आहे. त्याप्रमाणे १९ मार्च हाच पाडवा. २० तारखेला गुढी उभारणे म्हणजे द्वितीयेला पाडवा करणे होईल. गुढी सकाळी सातनंतर उभारावी म्हणजे मनात किंतु राहणार नाही, असे माझे मत आहे. पण ज्यांच्या घरी सूर्योदयालाच उभारण्याचा परिपाठ आहे त्यांनी तसे केले तरी दोष मानण्याचे कारण नाही, कारण त्या दिवसालाच पाडव्याचा मान दिला आहे. कडुनिंबाची डहाळी, साखरेची गाठी आणि नैवेद्याची तयारी आदल्या दिवशी करून ठेवावी, इतकेच.

अशा वर्षी गावागावांच्या रेखांशाप्रमाणे पंचांगात फरक पडू शकतो, हेही लक्षात ठेवावे. पश्चिमेकडे सूर्योदय उशिरा होतो. द्वारकेला १९ तारखेचा सूर्य उगवेल तेव्हा अमावास्या संपलेली असेल, म्हणजे तेथे प्रतिपदेला सूर्योदय मिळतो आणि क्षयाचा प्रश्नच येत नाही. यंदा दिवस दोन्हीकडे तोच येत असला, तरी दुसऱ्या गावच्या पंचांगावरून आपला निर्णय करू नये, हे जुने सांगणे अशा वेळी पटते.

प्रश्न: पाडवा कधी मार्चच्या मध्यावर, कधी अखेरीस, तर कधी एप्रिलमध्ये येतो. मुलांनी विचारले तर त्यांना काय सांगावे? १९ वर्षांनी तो त्याच तारखेला येतो हे खरे का?
— एक आजोबा, तिलकनगर, इंदूर

उत्तर: मुलांना असे सांगावे की आपले महिने चंद्र मोजतो आणि ऋतू सूर्य मोजतो. बारा चांद्रमास सुमारे ३५४ दिवसांत संपतात, सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांहून थोडे अधिक असते, म्हणून पाडवा दरवर्षी साधारण अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. ३० मार्च २०२५ वरून तो १९ मार्च २०२६ वर आला, तो याच हिशोबाने. असाच सरकत राहिला तर तो पावसाळ्यात जाईल; ते होऊ नये म्हणून सुमारे ३२ ते ३३ महिन्यांनी एक अधिक मास घेतात. यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. त्यामुळे पुढचा पाडवा अकरा दिवस मागे जाण्याऐवजी एकोणीस दिवस पुढे जाऊन ७ एप्रिल २०२७ ला येईल, आणि त्यानंतरचा पुन्हा अकरा दिवस अलीकडे, २७ मार्च २०२८ ला. सूर्य मीन राशीत असताना जी अमावास्या येते तिच्यानंतर चैत्र शुक्ल प्रतिपदा येते, म्हणून सध्याच्या काळात पाडवा मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतच्या महिनाभरातच फिरतो. मार्चअखेर हा त्या पट्ट्याचा मध्य आहे, आणि पाडवा म्हटले की अनेकांच्या मनात मार्चअखेरच येते, ते त्यामुळेच असावे.

अधिक महिन्याच्या बाबतीतही दोन पंचांगांची मांडणी निराळी आहे. आपल्याकडे आधी पूर्ण अधिक ज्येष्ठ येईल आणि मग पूर्ण निज, म्हणजे नेहमीचा, ज्येष्ठ. शेजाऱ्यांच्या पंचांगात ज्येष्ठाचा कृष्ण पक्ष आधी होऊन जाईल, मग मधे अधिक महिन्याचे दोन पक्ष येतील, आणि शेवटी ज्येष्ठाचा शुक्ल पक्ष; म्हणजे शुद्ध महिन्याच्या दोन अर्ध्यांमध्ये अधिक महिना बसवलेला दिसेल. अधिक महिन्याचे दिवस मात्र दोन्हीकडे तेच. जावयाला अनारसे द्यायचे असोत की पुरुषोत्तम मासाची कथा ऐकायची असो, तारखांत गोंधळ होणार नाही.

एकोणीस वर्षांचे आपण ऐकले ते बऱ्याच अंशी खरे आहे. २३५ चांद्रमास आणि १९ सौरवर्षे यांच्यात जेमतेम दोन तासांचा फरक आहे. गेल्या वर्षीचा ३० मार्चचा पाडवा घ्या: २००६ मध्येही पाडवा ३० मार्चलाच होता आणि १९८७ मध्येही. इतकेच नव्हे, तर त्या तिन्ही वर्षी आदल्या दिवशी, २९ मार्चच्या अमावास्येला, पृथ्वीवर कोठे ना कोठे सूर्यग्रहण झाले होते. तिथीच्या सुरुवातीची वेळ थोडी पुढेमागे होत असल्याने कधी कधी एका दिवसाचा फरक पडतो, म्हणून याला पक्का नियम समजू नये. पण नातवंडांच्या जन्मतिथी त्यांच्या एकोणिसाव्या वाढदिवशी तारखेशी जुळतात का, हे पाहायला त्यांना नक्की आवडेल.

प्रश्न: माझे माहेर इंदूरचे. तेथे पाडव्याला विक्रम संवत बदलतो, येथे बडोद्यात दिवाळीनंतर बदलतो, आणि आमच्या मराठी दिनदर्शिकेवर शके लिहिलेले असते. एकाच दिवसाला तीन आकडे कसे?
— एक वाचक भगिनी, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर: विक्रम संवताचे वर्ष उत्तरेत चैत्र शुक्ल प्रतिपदेला सुरू होते आणि गुजरातेत कार्तिक शुक्ल प्रतिपदेला. १९ मार्चला इंदुरात २०८३ लागेल. बडोद्यात २०८२ चालूच राहील आणि १० नोव्हेंबरला, बेसतुं वरसच्या दिवशी, तेथेही २०८३ होईल. म्हणजे चैत्रापासून आश्विनापर्यंत गुजराती संवत एकाने मागे असतो आणि कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत दोन्ही आकडे जुळतात. शालिवाहन शक पाडव्याला बदलतो. यंदा १९४८ लागेल. शकात १३५ मिळवले की उत्तरेकडचा संवत मिळतो. बडोद्याच्या घरातील जुन्या लग्नपत्रिका किंवा दस्तऐवज वाचताना हे ध्यानात ठेवावे, नाहीतर पणजोबांचे लग्न एका वर्षाने चुकते. महिन्यांची चिंता मात्र आपल्याला नको, कारण गुजराती महिना आपल्यासारखाच अमावास्येला संपतो.

इंदूरच्या पंचांगातील एक गोष्ट या निमित्ताने सांगण्यासारखी आहे. पूर्णिमान्त पद्धतीत महिना पौर्णिमेनंतर बदलतो, पण वर्ष मात्र तेथेही शुक्ल प्रतिपदेलाच बदलते. त्यामुळे चैत्राचा कृष्ण पक्ष जुन्या वर्षाच्या शेवटी पडतो आणि त्याच चैत्राचा शुक्ल पक्ष नव्या वर्षाच्या आरंभी. महिना एक आणि संवत दोन, हे नव्याने पंचांग पाहणाऱ्याला छापण्यातली चूक वाटते; ती चूक नाही.

प्रश्न: सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींनी संकल्पात ‘सिद्धार्थी नाम संवत्सरे’ म्हटले. आमच्या दिनदर्शिकेवर ‘विश्वावसु’ आहे. पूजेत उणे राहिले का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर: काहीही उणे राहिले नाही. साठ संवत्सरांचे, म्हणजे वर्षांच्या साठ नावांचे, चक्र गुरूच्या गतीवर बसवलेले आहे. गुरू मध्यम गतीने एका राशीत सुमारे ३६१ दिवस राहतो, म्हणजे सूर्याच्या वर्षापेक्षा चार दिवस कमी, आणि म्हणून सुमारे ८५ वर्षांत एक नाव गाळावे लागते. नर्मदेच्या उत्तरेकडील पंचांगकर्ते ते गाळत आले. दक्षिणेकडे ते गाळणे फार पूर्वीच सोडून दिले आणि दरवर्षी ओळीने एक नाव घेऊ लागले. त्यामुळे दोन याद्यांत अंतर पडले. यंदाच्या पाडव्याला आपल्याकडे ‘पराभव’ संवत्सर लागेल आणि येथील अनेक पंचांगांत ‘रौद्र’. आपल्या कुळात शकाचा उच्चार होत असेल तर गुरुजींना पूजेआधी तसे नम्रपणे सांगावे. बहुतेक गुरुजी आनंदाने दोन्ही म्हणतात.

प्रश्न: आमच्या दुकानाचे वर्ष ३१ मार्चला संपते. या मार्चअखेरचा पाडव्याशी काही संबंध आहे का?
— एक व्यापारी वाचक, इंदूर

उत्तर: नाही. सरकारी हिशोबाचे वर्ष पूर्वी १ मेपासून ३० एप्रिलपर्यंत होते. १८६७ पासून ते १ एप्रिल ते ३१ मार्च असे झाले, आणि ते इंग्रजी राजवटीच्या सोयीने झाले. २०१७ मध्ये आपल्या मध्य प्रदेश सरकारने जानेवारी ते डिसेंबर असे वर्ष स्वीकारण्याचा निर्णय जाहीर केला होता, परंतु तो बदल प्रत्यक्षात आला नाही. पाडवा आणि मार्चअखेर शेजारी येतात हा केवळ योगायोग आहे.

प्रश्न: मी शाळेत शिकवतो. भारत सरकारच्या पंचांगाप्रमाणे १ चैत्र २२ मार्चला येतो असे पाठ्यपुस्तकात आहे, आणि मुले विचारतात की मग पाडवा त्या दिवशी का नाही. या पंचांगाची माहिती द्यावी.
— एक शिक्षक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर: आपल्या प्रश्नाचे विशेष स्वागत करतो, कारण या पंचांगाच्या घडणीत माळव्याचा आणि मराठी विद्वानांचा मोठा वाटा असूनही आपल्याच शाळांत त्याचा उल्लेख एका ओळीत संपतो.

स्वातंत्र्यानंतर देशात तीसच्या आसपास वेगवेगळी पंचांगे चालू होती आणि एकच सण दोन प्रांतांत दोन दिवशी येत असे. म्हणून १९५२ मध्ये खगोलभौतिकीचे थोर संशोधक मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमण्यात आली. तिच्यात नागपूरचे के. ल. दप्तरी, पुण्याचे ज. स. करंदीकर आणि उज्जैनच्या माधव महाविद्यालयाचे आर. व्ही. वैद्य हे सदस्य होते. निर्मलचंद्र लाहिरी सचिव होते. समितीने १९५५ मध्ये अहवाल दिला आणि २२ मार्च १९५७ हा दिवस १ चैत्र, शके १८७९ धरून राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. राजपत्रावर इंग्रजी तारखेबरोबर छापलेली असते ती हीच तारीख.

मुलांच्या शंकेचे उत्तर असे की ही दिनदर्शिका पूर्णपणे सूर्यावर चालते. तिच्यात महिन्यांची नावे चैत्र, वैशाख हीच असली तरी तिथी, पक्ष, अधिक मास यांतले काहीच नाही. २१ मार्चच्या सुमारास सूर्य विषुववृत्तावर येतो आणि दिवस व रात्र समान होतात. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिचे वर्ष सुरू होते. पाडवा चंद्राचा आहे, म्हणून तो या १ चैत्राच्या मागेपुढे फिरत राहतो. गेल्या वर्षी ३० मार्चचा पाडवा राष्ट्रीय दिनदर्शिकेच्या ९ चैत्रला आला होता; यंदाचा १९ मार्चचा पाडवा तिचा फाल्गुन संपण्याआधीच येत आहे.

लोकांनी ही दिनदर्शिका घरात का स्वीकारली नाही, असेही मुले विचारतील. त्याचे सरळ उत्तर असे की आपले सण, व्रते आणि श्राद्धे तिथीवर चालतात, आणि तारखांच्या कामाला इंग्रजी दिनदर्शिका आधीच रूढ झाली होती. मधल्या जागेत तिसऱ्या दिनदर्शिकेचे काम उरले नाही. तरीही समितीचे काम वाया गेले असे मी मानत नाही. सूर्यचंद्रांची स्थिती आधुनिक गणिताने काढून पंचांग बनवावे हा तिचा आग्रह होता, आणि आज तिथीच्या वेळा पुण्याच्या, उज्जैनच्या आणि काशीच्या अनेक पंचांगांत मिनिटांपर्यंत जुळतात, त्यामागे त्या आग्रहाचा वाटा आहे.

ग्वाल्हेरच्या मुलांना आणखी एक गोष्ट सांगावी. भारतीय ज्योतिषात मध्यरेखा उज्जैनवरून जाते असे मानत. राष्ट्रीय पंचांगासाठी समितीने रेखांश साडेब्याऐंशी अंशांचा घेतला, कारण आपली प्रमाणवेळ त्यावर आहे. परंतु गणिताच्या मध्यवर्ती स्थानाचा अक्षांश मात्र २३ अंश ११ कला, म्हणजे उज्जैनचाच, ठेवला. त्याच उज्जैनला सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात बांधलेली वेधशाळा आहे. ती मोडकळीस आली असता ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी १९२३ मध्ये तिचा जीर्णोद्धार करवला, आणि गो. स. आपटे यांच्यासारख्या मराठी ज्योतिर्विदाने तिचे काम सांभाळले. शक्य असल्यास मुलांना २१ मार्चला तेथे न्यावे. त्या दिवशी शंकुयंत्राच्या टोकाची सावली सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका सरळ रेषेवरून सरकते, एरवी तिचा मार्ग वक्र असतो; आणि त्या दिवसापासून नाडीवलय यंत्राच्या उत्तरेकडील तबकडीवर ऊन पडू लागते, ते सप्टेंबरमध्ये दिवस व रात्र पुन्हा समान होईपर्यंत पडत राहते. मुलांकडून दर तासाला सावलीच्या टोकाशी खडूने खूण करून घ्यावी. यंदा २१ मार्चला शनिवार आहे, पाडव्यानंतरचा दुसरा दिवस. लीप वर्षी राष्ट्रीय दिनदर्शिकेचा १ चैत्र २१ मार्चलाच येतो आणि त्या वर्षी तिचा चैत्र ३० ऐवजी ३१ दिवसांचा असतो, हेही त्यांना तेथेच सांगता येईल.